नोकरी सांभाळून डी.एल.एड. जमतं का? (लांजा ते रत्नागिरी)

पिग्मीवाला
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. चुकलं तर सांभाळून घ्या.

वय २९, गाव लांजा तालुक्यात आत. बारावी कला ५६ टक्के, मग बी.ए. एका पतसंस्थेचा पिग्मी एजंट आहे, म्हणजे दुकानदारांची रोजची बचत गोळा करतो. दुपारी चारनंतर बाजारात फिरायचं, रात्री नऊला हिशेब, सकाळी अकराला भरणा. कमिशन महिना बारा-तेरा हजार, गणपतीच्या तोंडावर लोक पैसे काढतात तेव्हा त्याहून कमी. लॉकडाऊनमध्ये वाडीतल्या पोरांना आमच्या पडवीत बसवून शिकवायला लागलो, ते अजून सुटलेलं नाही. शाळेचा पट ११. गुरुजी बदली होऊन गेले, आता एकच बाई पाच वर्ग सांभाळतात. त्या मला म्हणाल्या, "तू रीतसर डी.एड. का करत नाहीस?" तेव्हापासून झोप गेली आहे.

घरी आई, दोन म्हशी आणि कर्जाचा हप्ता, त्यामुळे नोकरी सोडता येणार नाही. हा प्राथमिक शिक्षकाचा कोर्स घरबसल्या होतो का? एक जण म्हणतो बी.एड. कर, प्राथमिक आणि माध्यमिक दोन्हीकडे चालतं. दुसऱ्याने एका कॉलेजचा नंबर दिला. फोन केला तर म्हणाले, ७० हजार द्या, फक्त परीक्षेला या, हजेरीचं आम्ही बघतो. आणि २९ म्हणजे उशीर झाला का, हेही सांगा.

तिरफळ
जि.प. शाळेत आहे म्हणून उत्तर देतो. बी.एड.चा विचार पहिली ते पाचवीसाठी डोक्यातून काढा. ११ ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की प्राथमिकला बी.एड. चालणार नाही. तुम्हाला लहान मुलांनाच शिकवायचं असेल तर डी.एल.एड. हाच रस्ता (जुनं नाव डी.एड., आपल्याकडे अजून सगळे तेच म्हणतात). दोन वर्षं, बारावीला खुल्या गटातून ४९.५ टक्के लागतात, राखीव गटातून ४४.५. तुम्ही बसता. घरबसल्या मात्र होत नाही.

बाबल्या
माझो भाचो बीएड करून घराकडे बसलो हा. आता कोर्ट म्हणता पयलीच्या पोरांक शिकवूचा नाय. मग दोन वर्सां ह्यो शिकलो काय? आवस म्हणता, निदान धाकट्या भावाचो अभ्यास घे, तर धाकटो म्हणता "तू पात्र नाय".

अबोली
बाबल्या 😂😂

केंद्रप्रमुख (निवृत्त)
पिग्मीवाले, त्या ७० हजारवाल्यांचा नंबर आधी पुसून टाका. नियमाने वर्षाला २०० दिवस काम चालतं. वर्गातली हजेरी ८० टक्के लागते आणि आंतरवासितेची, म्हणजे शाळेत जाऊन प्रत्यक्ष शिकवण्याच्या सरावाची, ९० टक्के. ही हजेरी विकत घेतलेली माणसं मी केंद्रप्रमुख असताना पाहिली आहेत. एकाला पहिलीच्या वर्गात उभं केलं, तर त्याने सरळ फळ्यावर बाराखडी लिहून "उतरवून घ्या" म्हणून सांगितलं. जूनचा दुसरा आठवडा होता! पोरांना पाटीवर पेन्सिल कुठल्या बाजूने धरायची ते ठाऊक नव्हतं. एक मुलगी रडायला लागली, तिचं बघून चौघं. गृहस्थ माझ्याकडे बघतायत.

आमच्या वडिलांच्या वेळी फायनल (सातवीची परीक्षा) पास झालेला माणूस आधी मास्तर व्हायचा, मग खातं त्याला पगारी ट्रेनिंगला पाठवायचं. ते असेच पी.टी.सी. (प्राथमिक शिक्षकाचं प्रमाणपत्र) झाले. मागे म्हशी, शेती, चार पोरं. आईने दोन पावसाळे एकटीने लावणी काढली. म्हणजे नोकरी सांभाळून शिक्षक होणं कोकणाला नवीन नाही. फरक एवढाच, तेव्हा नोकरी शाळेचीच असायची.

२९ म्हणजे उशीर नाही.

नाखवा
सगळे गोड गोड बोलतायत, मी कडू बोलतो. शिक्षक व्हायला प्रशिक्षण लागतं हे मान्य, पण पुढे नोकरी कुठे आहे? २००५ नंतर गल्लोगल्ली डी.एड. कॉलेजं निघाली. माझा चुलतभाऊ त्यातलाच. २०१० ला भरतीची सीईटी झाली, तिच्यात थोडक्यात राहिला. पुढची परीक्षा कधी? डिसेंबर २०१७. सात वर्षं! तोवर त्याने रिक्षा घेतली, लग्न केलं, दोन मुलं झाली. रिक्षाच्या मागे "गुरुजी" लिहिलंय. पॅसेंजर विचारतात, हे काय, तर म्हणतो पदवी आहे.

आता तर डी.एल.एड., मग टीईटी, मग टेट, मग भरतीचं ते पवित्र पोर्टल. एवढ्या पायऱ्या मार्लेश्वरच्या देवळाला पण नाहीत.

तिरफळ
नाखवा, मार्लेश्वरला पाचशेच्या वर आहेत हो.

चेष्टा सोडा, पण पायऱ्या नीट समजून घ्यायला हव्यात, कारण नावांचा घोळ होतो. टीईटी ही पात्रता परीक्षा. पहिला पेपर पहिली ते पाचवीसाठी, १५० गुण, खुल्या गटाला ९० पाहिजेत. बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास, प्रत्येकी ३०. एकदा पास झालात की प्रमाणपत्र आता आजन्म चालतं. टेट म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, २०० प्रश्न, दोन तास, आणि तिचे गुण धरून पवित्र पोर्टलवर निवड. टीईटीत नापास होतात ते बहुतेक गणितात आणि बालमानसशास्त्रात. पाठांतराने बालमानसशास्त्र जात नाही. मूल असं का वागलं, असं विचारतात. पडवीत पोरं बसवणाऱ्याला ते उलट सोपं जाईल.

२०१० ते २०१७ ची गोष्ट मात्र खरी आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. २०१७ नंतर टेट २०२३ ला झाली आणि मग २०२५ ला. तेव्हा "दर वर्षी भरती" असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

सोलकढी
नोकरी करता करता हे केलेली मी एक आहे, म्हणून सविस्तर लिहिते. कोणाच्या तरी उपयोगी पडो.

मी चिपळूणजवळच्या एका खाजगी शाळेत सात वर्षं शिकवत होते, डी.एड. नसताना. पगार पाच हजारांपासून सुरू झाला. २०१७ ला कायद्यात दुरुस्ती झाली की सेवेतल्या सगळ्या अप्रशिक्षित शिक्षकांनी ३१ मार्च २०१९ पर्यंत प्रशिक्षित व्हायचं, नाहीतर घरी. तेवढ्यापुरता एनआयओएसने (केंद्राची मुक्त शाळा) अठरा महिन्यांचा दूरस्थ डी.एल.एड. काढला. पिग्मीवाले, तुम्हाला "घरबसल्या होतं" असं ज्याने सांगितलं त्याच्या डोक्यात बहुधा हाच असेल. तो फक्त सेवेत असलेल्यांसाठी होता आणि आता संपलाय.

शनिवार-रविवार संपर्क वर्ग. आठवड्याचे सहा दिवस शाळा आणि त्यात शनिवारी अर्धी सुट्टी मागायची, तर मॅनेजमेंटचं तोंड वाकडं. स्वाध्याय हाताने लिहायचे. मुलगी तेव्हा तीन वर्षांची. ती माझ्या मांडीवर आणि मांडीवरच्या पाटावर पॅड, असं मी अठरा महिने लिहिलं. पास झाले. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला की भरतीसाठी हा अठरा महिन्यांचा डिप्लोमा दोन वर्षांच्या बरोबरीचा नाही. मी दोन दिवस स्वयंपाक केला नाही, नवऱ्याने डाळभात केला. मग डिसेंबर २०२४ ला खुलासा आला की १० ऑगस्ट २०१७ ला जे सेवेत होते आणि ज्यांनी मुदतीत पूर्ण केलं त्यांचा धरला जाईल. आता माझा धरला जातो. मी ३६ ची आहे.

म्हणून सांगते, सोपी वाट निघाली तरी तिच्यावर उड्या मारू नका. दोन वर्षांचा नियमित करा, त्याला कोणी बोट लावणार नाही.

वस्तीची गाडी
सोलकढीताई, डाळभात वाचून गलबललं.

घाटावरचा
मूळ गाव मराठवाड्यात, गेली सहा वर्षं गुहागर तालुक्यात शिक्षक. "घाटावरचे येतात आणि बदली करून पळतात" हे वाक्य येण्याआधीच हजेरी लावतो. 🙏

पळतात हे खरं आहे. आई-वडील ५०० किलोमीटरवर असले की आंतरजिल्हा बदलीचा फॉर्म दर वेळी भरला जातो. मीही भरला आहे. पण पिग्मीवाल्यांना एक सांगायचंय, जे माझ्या प्रशिक्षणात कोणी सांगितलं नाही.

पहिल्या आठवड्यात एका मुलाला विचारलं, बाबा कुठे गेले? म्हणाला, "सड्यावर." आमच्याकडे सडा म्हणजे अंगणात शेण कालवून टाकतात तो. मी म्हटलं, घरी बाबा सडा टाकतात, फार छान, असंच सगळ्यांनी आईला मदत करावी. वर्ग गप्प. तिथल्या बाईंनी मधल्या सुट्टीत सांगितलं की सडा म्हणजे कातळाचं पठार, बाबा गुरं घेऊन गेलाय. दुसरा मुलगा चार दिवस आला नाही, कारण "पऱ्ह्याला पाणी होतं". मला पऱ्ह्या म्हणजे कोणी माणूस वाटला, तो निघाला ओढा.

आणि गणित. दुसरीला दशक-एकक शिकवत होतो. काजूच्या बिया दिल्या, दहा-दहाचे ढीग करा म्हटलं. एका मुलीचे सगळे ढीग बारा-बाराचे. तीन वेळा सांगितलं, तीन वेळा बारा. शेवटी विचारलं, का गं? म्हणाली, "गुरुजी, पेटीत डझनच भरतात ना!" घरी आंब्याच्या पेट्या भरायला बसते ती. चार डझनी, पाच डझनी पेटी तोंडपाठ. दहाचा ढीग तिने आयुष्यात कुठे बघितलेला नव्हता. मग मी उलटं केलं. आधी डझन घेतला, दोन बिया बाजूला काढायला लावल्या, उरल्या किती? दहा. या दहाचं नाव दशक. त्या दिवशी वर्गाला दशक कळला. माझ्या पाठ टाचणात, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यात, यातलं काहीही नव्हतं.

पिग्मीवाल्यांना हे आधीपासून येतंय. बाहेरून येणाऱ्या माझ्यासारख्याला दोन वर्षं जातात.

केंद्रप्रमुख (निवृत्त)
घाटावरचे गुरुजी, दंडवत. हा पाठ मी निरीक्षणाला बघितला असता तर शेऱ्यात "पाठ टाचणापासून विचलन" लिहावं लागलं असतं आणि घरी जाऊन सौ.ला कौतुकाने सांगितलं असतं.

बाबल्या
काजूचे बियो पोरांक दिल्यात? परत सगळे इले?

घाटावरचा
नाही. सात कमी.

नाखवा
ते ठीक. पण स्थानिकांना प्राधान्य का नाही, हा प्रश्न राहतोच. इथली पोरं डी.एड. करून बसलीत, शाळेला शिक्षक नाही, आणि जो येतो त्याला सडा माहीत नाही.

तिरफळ
निवड राज्यस्तरावर गुणांनी होते, त्यामुळे परीक्षेत जो वर तो येतो. मागणी जुनी आहे, सिंधुदुर्गात तर उपोषणं झाली. माझं मत विचाराल तर नुसतं "स्थानिक" म्हणून घेऊ नये, बोलीचे काही गुण ठेवावेत. पण या धाग्यावर ते सुटणार नाही आणि भांडण पेटलं तर मूळ प्रश्न वाहून जाईल.

तळणीचे मोदक
अवांतर: नोकरी करता करता शिकण्यावरून आठवलं. बालशिक्षणात काम केलेल्या अनुताई वाघ आधी प्राथमिक शिक्षिका झाल्या, मॅट्रिक त्यानंतर झाल्या, नोकरी करता करता. मग १९४५ ला ताराबाई मोडकांबरोबर बोर्डीला आल्या. समुद्रकाठची बोर्डी, म्हणजे उत्तर कोकणच की. मुलं बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीच मुलांच्या अंगणात न्यायची, असं त्यांचं काम. पडवीतली शाळा वाचून ते आठवलं.

पिग्मीवाला
सगळ्यांचे मनापासून आभार. ७० हजारवाल्यांचा नंबर पुसला. सोलकढीताई, तुमचं वाचून आईला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग म्हशींचं मी बघते."

आता अडचण वेळेची. रत्नागिरीला जायला दीड तास, हातखंब्याला खोळंबलो तर दोन. कॉलेज सुटून लांज्यात पोचेपर्यंत सहा-साडेसहा वाजणार. पिग्मी त्यानंतर करता येईल, पण हार्डवेअरवाले, रेशनवाले सातला शटर ओढतात. आणि आंतरवासितेचे आठवडे?

अबोली
आता माझी पाळी. मी २०२१ ते २३ असं डी.एल.एड. केलं, झेरॉक्सच्या दुकानात काम करत. दुकान सकाळी साडेसात ते साडेनऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ. मालक चांगले होते, पण पगार अर्धा केला, तेही खरंच आहे.

रोजची हजेरी जमते. माणूस अडतो तो पाठ टाचणाला. रोज उद्याच्या पाठाचं टाचण, हेतू, साहित्य, फलकलेखन, स्वाध्याय, सगळं शाईने. शिवाय सूक्ष्म अध्यापन, म्हणजे वर्गातल्याच मुलींना पोरं समजून पाच-सहा मिनिटं शिकवायचं. लाज वाटते हो! पंचवीस वर्षांच्या मैत्रिणीला "बाळा, हा कोणता पक्षी?" विचारायचं आणि तिने "चिऊताई" म्हणायचं.

माझी युक्ती सांगते. गाडीत लिहायचं नाही, अक्षर जातं आणि उलटी होते. गाडीत फक्त विचार करायचा, पाठ कसा सुरू करायचा तेवढाच. घरी उतरलं की लिहायला वीस मिनिटं लागतात. विद्यार्थी सवलतीचा एसटी पास काढा, खर्च खूपच कमी होतो. वाडीत वस्तीची गाडी येत असेल तर पहाटे तीच धरा, नंतरच्या गाडीचा भरवसा नाही.

आंतरवासिता दोन वर्षांत मिळून वीस आठवडे, त्यातले बरेचसे दुसऱ्या वर्षी. ती शाळा जवळची मिळते का ते आधीच बोलून ठेवा. मला मिळाली होती. ते माझे सगळ्यात सोपे महिने गेले, कारण शाळा सुटली की मी थेट दुकानात.

वस्तीची गाडी
माझं नाव घेतल्याबद्दल आभारी आहे. पावसाळ्यात मात्र माझाही भरवसा धरू नका.

सोलकढी
पिग्मीवाले, दुकानदारांना सरळ सांगून बघा. रोज येणारा माणूस आहात तुम्ही. जे सातला बंद करतात त्यांची पिग्मी सकाळी भरण्याआधी घेता येते का? नाहीतर दोन दिवसांची एकदम.

नाखवा
दोन दिवसांची एकदम घेतली तर ती पिग्मी कसली. पण आयडिया बरी आहे.

आणि हे मी लिहितोय याचं मलाच आश्चर्य वाटतंय, पण करा तुम्ही. फक्त पिग्मी सोडू नका. निवड झाली तरी पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक, मानधन १६ हजार. आधी ६ हजार होतं, २०२३ ला वाढवलं. आत्ताच्या कमिशनपेक्षा फार जास्त नाही. चुलतभावाला हा धागा दाखवला. म्हणतो, त्याला सांग पुस्तकं माझ्याकडे आहेत, जुनी झाली असतील, पण बालमानसशास्त्र तेच असेल.

केंद्रप्रमुख (निवृत्त)
पुढची बाजूही सांगून ठेवतो. आमची सूनबाई शिक्षिका आहे, वय ४५. १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त उरलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी पास व्हायची आहे. सध्या घरात एका टेबलाच्या एका बाजूला नातू बारावीचा अभ्यास करतो आणि दुसऱ्या बाजूला त्याची आई टीईटीचा. तो तिला गणित समजावतो. काल ओरडला, "आई, शेकडेवारी इतकी सोपी आहे, तुला कळत कशी नाही?" ती म्हणाली, "हेच वाक्य मी वीस वर्षं पोरांना म्हणत होते, आता कळलं कसं लागतं."

तेव्हा पिग्मीवाले, टीईटी आधीच काढून ठेवा. पंचेचाळिसाव्या वर्षी पोराच्या हाताखाली बसायची वेळ येणार नाही.

तिरफळ
गुरुजी, हा संवाद वाचून बायकोला हाक मारली. तीही त्याच बोटीत.

पिग्मीवाला
(तीन महिन्यांनी)
धागा वर काढतोय, क्षमस्व.

प्रवेश झाला. फॉर्म ऑनलाइन भरला, दुसऱ्या फेरीत रत्नागिरीत नंबर लागला. पहाटे वस्तीची गाडी. आई सांगितल्याप्रमाणे म्हशी बघते, फक्त पाऊस फार असला की दूध घालायला मी जातो आणि पहिला तास बुडतो. आत्तापर्यंत चार बुडाले.

पिग्मीचं असं झालं: हार्डवेअरवाले म्हणाले, शटर ओढलं तरी मागच्या दाराने ये. वडापाववाला रोजचे ५० देतो, तो म्हणाला पैसे कढईशेजारच्या डब्यात ठेवतो, तू घे आणि पावती डब्यात टाक. तेलकट नोटा ऑफिसात भरल्या म्हणून मॅनेजर ओरडले. दोन गिऱ्हाईकं तुटली. नाखवांच्या भावाकडून पुस्तकं आणली, रिक्षातूनच घेतली. त्याने आतल्या पानांवर पेन्सिलने इतकं लिहून ठेवलंय की वेगळं गाइड घ्यायची गरज नाही.

सूक्ष्म अध्यापनात मी "बेरीज" घेतली आणि घाटावरच्या गुरुजींचा डझन वापरला. मॅडमनी विचारलं, हे कुठून आणलंत? मी म्हटलं, गुहागरहून.

पुढच्या आठवड्यात पहिला सराव पाठ आहे, तिसरी, परिसर अभ्यास, "पाण्याचे स्रोत". पऱ्ह्या, विहीर आणि सड्यावरचं तळं असा मोठा तक्ता काढलाय. लॅमिनेट करायचाय. रत्नागिरीत स्वस्तात कुठे करून मिळेल?

अबोली
लॅमिनेट करू नका! खिडकीचा उजेड पडला की तक्ता चकाकतो आणि मागच्या ओळीतल्या पोरांना काही दिसत नाही. मी स्वतः दुकानात असून केलं नव्हतं. मागे जुन्या लग्नपत्रिकांचा पुठ्ठा चिकटवा, आणि पावसात नेताना प्लास्टिकच्या पाइपात गुंडाळा. हार्डवेअरवाले ओळखीचेच आहेत ना, तुकडा मागा.